गच्चीवरचं महाळुंग

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला चार हात. वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र आणि खालच्या उजव्या हातात एक फळ. गदा-ढाल लोक चटकन सांगतात, फळापाशी मात्र अडखळतात. कुणी नारळ म्हणतं, कुणी बेलफळ, कुणी लाडू. ते महाळुंग आहे. दुर्गासप्तशतीच्या पोथीत शेवटी ‘रहस्य’ नावाची जी तीन प्रकरणं येतात, त्यांतल्या पहिल्यात महालक्ष्मीचं वर्णन ‘मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’ असं केलंय. मातुलुंग म्हणजेच महाळुंग. देवीच्या हातातल्या वस्तूंची नावं घेताना पोथी सुरुवात करते ती फळापासून, गदेपासून नव्हे, हे मला फार आवडतं.

मी याच गावात वाढले. घराघरांत, दुकानांच्या गल्ल्यांवर, रिक्षांच्या काचांवर देवीचा फोटो रोज पाहिला. ते फळ झाडाला लागलेलं मात्र पाहिलं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आजऱ्याच्या मामींच्या परसात. न्हाणीच्या पाण्याच्या उताराला एक वेडंवाकडं झुडूप होतं. फांद्या कुठंही गेलेल्या, बोटभर लांबीचे काटे, आणि त्या गचपणात लोंबणारी दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाहीत एवढी पिवळीजर्द, खडबडीत फळं. मी ओळखलं नाही. मामींनी एक फळ देठाशी पिरगाळून तोडलं, सालीवर नख ओढलं आणि माझ्या नाकाशी धरलं. “हे खायाचं न्हाई गं, वास घ्यायाचं,” म्हणाल्या. “देवीच्या हातात असतंय बघ, ते हे. म्हाळुंग.”

त्या वासाबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठीच आहे. लिंबू कापलं की वास नाकात टोचतो आणि क्षणात उडून जातो. महाळुंगाचा वास टोचत नाही. आधी लिंबासारखा ओळखीचा वाटतो, मग त्यात गवती चहा येतो, मग काहीतरी फुलासारखं, गोडसर, आणि ते बोटांना चिकटून राहतं. गवती चहाची आठवण उगाच होत नाही. सिट्रल नावाचं जे द्रव्य गवती चहाच्या पात्यात असतं तेच महाळुंगाच्या सालीतल्या तेलातही असतं. साल उन्हात तिरकी धरून पाहिली की तेलाचे बारीक बारीक ठिपके दिसतात. नख लागलं की ते फुटतात. पानालाही तोच वास, फक्त जास्त हिरवा. मामींच्या घरातून निघताना मी ते फळ पदराखाली धरून बसले होते. एसटीत मागच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, “काय घेतलंय गं, एवढं घमघमतंय?”

नंतर जिथं तिथं मला महाळुंग दिसायला लागलं, पण दगडात. मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकातला तो प्रचंड त्रिमुख शिव आहे. त्याच्या मधल्या, ध्यानस्थ चेहऱ्याखाली उजवा हात फुटलेला आहे आणि डाव्या हातात जे फळ आहे, ते महाळुंग. आपण सगळे तिथं चेहऱ्यांकडे पाहत उभे राहतो, हाताकडे कुणाचं लक्ष जात नाही. लकुलीश म्हणजे शिवाचा अवतार मानला गेलेला गुरू, त्याच्या मूर्तीत एका हातात दंड आणि दुसऱ्या हातात महाळुंग असतं. महागणपतीच्या ध्यानाचा श्लोकच ‘बीजापूर’ या त्याच्या दुसऱ्या नावानं सुरू होतो. बौद्धांचा धनाचा देव जंभल, त्याच्या एका हातात मुंगूस आणि दुसऱ्या हातात हेच फळ. शैव, शाक्त, गाणपत्य, बौद्ध, सगळ्यांनी आपापल्या देवाच्या हातात एकच फळ दिलं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. फळ कापलं की आत बियाच बिया असतात, आणि सृष्टी जिच्यातून निघाली तिच्या हातात असं बियांनी भरलेलं फळ शोभतं. शिवाय ते मोठं, पिवळं, सुवासिक आणि तोडल्यावर बरेच दिवस टिकणारं. देवाला वाहायला यापेक्षा काय हवं?

आणि तरीही आमच्या गल्लीत, पुढच्या गल्लीत, सगळ्या पेठांत मिळून कुणाच्या दारात महाळुंगाचं झाड मला सापडलं नाही. ज्या गावाची देवी हे फळ हातात घेऊन उभी आहे, त्या गावात ते झाड दारोदारी असायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून मी ते गच्चीवर लावलं.

रोप मिळणं हाच पहिला अडथळा. शहराजवळच्या एका रोपवाटिकेत ‘महाळुंग’ अशी पाटी लावलेलं रोप होतं. पान पाहिलं आणि परत ठेवलं. ते कुठलं तरी मोठं लिंबू होतं. इथं पान पाहायचं कसं ते सांगते, कारण फळ नसताना एवढीच खूण हाताशी असते. कागदी लिंबाचं पान उलटसुलट करून देठाकडे बघा. देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पंख असतात आणि देठ जिथं पानाला मिळतो तिथं स्पष्ट सांधा असतो. ओढलं की पान तिथंच तुटतं. पपनसाच्या देठाचा पंख तर एवढा रुंद की पानाखाली दुसरं छोटं पान जोडल्यासारखं दिसतं. महाळुंगाच्या देठाला पंख नाही आणि सांधाही जवळजवळ नाही. देठ सरळ पानात शिरतो. पान लांबट, टोकाला बोथट, कडेला बारीक दाते. आणि कोवळी पालवी जांभळट. ही जांभळी छटा पुढं कळ्यांतही येते.

शेवटी आजऱ्याहूनच छाट आणली. लिंबू कुळातल्या बहुतेक झाडांची छाट मुळं धरायला कुरकुर करते. महाळुंग त्या मानानं फार समजूतदार. पेन्सिलीएवढ्या जाड, ना कोवळी ना जून अशा फांदीचे वीतभर तुकडे, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेले, सावलीत वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचले. पावसाळा सुरू होता, हवेत ओल होती. त्यातल्या ज्या जगल्या त्यांतली सगळ्यात दांडगी निवडून अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये लावली.

ड्रमला भोकं भरपूर हवीत. आमच्याकडचा पाऊस काही पुण्याचा नाही, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि लिंबू कुळातलं कुठलंही झाड मुळाशी पाणी साचलं की डिंक्यानं जातं. खोडातून डिंक पाझरायला लागला की फार उशीर झालेला असतो. म्हणून ड्रम विटांवर ठेवला, म्हणजे भोकं स्लॅबला चिकटून बंद होत नाहीत. तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी जाडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. खोडाच्या बुंध्याला पावसाआधी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. दिवसभर ऊन. एवढंच.

मडक्यात वाढवण्याची ही युक्ती या झाडासाठी फार जुनी आहे, हे कळल्यावर मी त्या ड्रमकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. इसवी सनापूर्वी 300च्या आसपास थिओफ्रॅस्टस नावाच्या ग्रीक अभ्यासकानं वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ‘मीडिया’ (आजच्या इराणचा वायव्य भाग) आणि ‘पर्शिया’ या देशांतलं म्हणून महाळुंगाचं वर्णन आहे. आजच्या शास्त्रीय नावातलं ‘मेडिका’ त्या मीडियावरूनच आलं. हे फळ खात नाहीत, पण फळ आणि पान दोन्ही फार सुगंधी असतात, कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही, झाडावर एकाच वेळी फूलही असतं आणि फळही, आणि हे भोक पाडलेल्या मडक्यात लावतात, असं तो लिहितो. पुढं पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी सांगतो की अनेक देशांनी हे झाड आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला, मुळांना हवा मिळावी म्हणून भोकं ठेवलेल्या मातीच्या भांड्यांतून. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी लिंबू, संत्रं, मोसंबी काही पाहिलेलं नव्हतं तेव्हा महाळुंग तिकडं पोचलं होतं. या अख्ख्या कुळातलं ते तिथं गेलेलं पहिलं फळ. आपल्या बाजूनं, इराणमार्गे.

आणि मूळ घर आपल्या बाजूचंच. 2018 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात लिंबू कुळातल्या 60 प्रकारांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या सगळ्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनचा युन्नान प्रांत या टापूत झाला. आज बाजारात दिसणारी बहुतेक फळं मूळच्या मोजक्या जातींच्या संकरातून आलेली आहेत. पपनस ही एक मूळ जात, संत्र्यांची मूळ जात ही दुसरी, महाळुंग तिसरी. पपनस आणि संत्रं यांच्या मिलाफातून मोसंबी आली. आणि लिंबं? आपण रोज वरणभातावर पिळतो ते कागदी लिंबू हे महाळुंग आणि फिलिपिन्सकडची मायक्रांथा नावाची रानटी जात यांचं अपत्य. लांबट, पिवळं, परदेशी लेमन हे महाळुंग आणि कडू संत्रं यांचं. या संकरांत महाळुंग नेहमी परागाच्या, म्हणजे बापाच्या बाजूनं आहे.

हे वाचलं त्या दिवशी मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्या झाडासमोर बराच वेळ उभी राहिले. स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलेल्या लिंबांचा बाप माझ्या ड्रममध्ये उभा होता, आणि आमच्यातल्या कुणालाही तो नात्यातला म्हणून ओळखू येत नव्हता. तेव्हापासून मला लिंबाच्या वासात महाळुंग शोधायची सवय लागली आहे.

फुलांची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. कळी बाहेरून जांभळी-गुलाबी, जाडसर. उमलली की आतून पांढरी. पाकळ्या पाच, मांसल. मधे पुंकेसरांचा दाट झुबका. पहिल्या वर्षी झाड फुललं तेव्हा शेजारच्या काकू रोज वर येऊन बघायच्या आणि हळहळायच्या, “अगं, सगळी फुलं गळायला लागलीत, काहीतरी फवार की!” मी खाली पडलेली फुलं उचलून उघडली. पुंकेसर बाजूला सारले, तर मधे काहीच नव्हतं. जिथं हिरवा गोळा आणि त्यावर दांडा असायला हवा तिथं नुसतं रिकामं. मग झाडावरचं एक फूल, न तोडता, तसंच बोटांनी उघडून पाहिलं. त्यात मधोमध जाड दांडा होता, टोकाला चिकट गाठ. म्हणजे झाडाला दोन तऱ्हेची फुलं येतात. काही पूर्ण, काही नुसती नर. नर फुलं आपलं काम करून गळतात, त्यात रोग नाही आणि दोषही नाही.

आता याच गोष्टीबद्दल थिओफ्रॅस्टस काय लिहितो ते ऐका. ज्या फुलांच्या मधून सूत कातायच्या चातीसारखं काहीतरी वर आलेलं असतं त्यांना फळ धरतं, ज्यांत ते नसतं ती वांझ असतात. परागीभवनाचं शास्त्र कुणाला ठाऊक नसलेल्या काळात त्या माणसानं फूल उघडून पाहिलं आणि दिसलं तेच लिहून ठेवलं. काकूंना मी दोन्ही फुलं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, “मग हे असंच असतंय होय!” त्यानंतर त्या स्वतःच गच्चीवर येणाऱ्या पाहुण्यांना पडलेलं फूल उघडून समजावून सांगतात.

विदर्भ-मराठवाड्यातले संत्र्या-मोसंबीचे बागायतदार झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया बहार, मृग बहार धरतात. सगळी फुलं एकदम यावीत आणि फळ एकदम बाजारात जावं म्हणून. महाळुंगाला घरच्या घरी असलं काही करायची गरज नाही. ते आपल्या मर्जीनं वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, पाऊस सुरू झाला की जास्त. एका फांदीवर कळी, दुसरीवर हिरवं फळ, तिसरीवर पिवळं, असं चित्र आमच्याकडे थंडीत हमखास असतं.

किडींचं थोडक्यात. नागअळी कोवळ्या पानात चांदीसारख्या नागमोडी रेषा ओढते. पानं वेडीवाकडी होतात, पण मोठ्या झाडाचं त्यानं फारसं बिघडत नाही. नवीन पालवीवर निंबोळी अर्क मारला की आटोक्यात राहते. पावसात पानांवर आणि फळांवर तपकिरी खरबरीत ठिपके येतात तो खैऱ्या. तेवढी पानं काढून जाळायची. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर जस्त किंवा लोह कमी पडलंय असं समजून सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी.

फुलपाखरांचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. लिंबू-फुलपाखरू, काळ्या पंखांवर पिवळट ठिपक्यांचं, कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवत जातं, मोहरीएवढं, फिकट पिवळं. त्यातून निघालेली अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओलसर. पाखरं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीनं जरा डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं केशरी शिंग बाहेर येतं आणि एक तीव्र वास सुटतो. त्या वासातही मला महाळुंगाचं पान जाणवतं. जे खाल्लं त्याचाच असर असेल. महाराष्ट्रानं 2015 साली ज्याला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला ते निळ्या पंखांचं मोठं ब्ल्यू मॉरमॉन, निलवंत, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. बेल, कवठ, कढीपत्ता ही सगळी लिंबाची भावकीच. ड्रममधलं झाड लहान असताना अळ्या उचलून मी खाली अंगणातल्या जुन्या कागदी लिंबावर नेऊन सोडत असे. आता झाड मोठं झालंय, ज्या येतात त्यांना पोटभर खाऊ देते. झाडावर कीटकनाशक मारून फुलपाखरांविना महाळुंग वाढवायचं, हे मला पटत नाही.

फळ धरलं की खरी देखभाल. फांद्या बारीक आणि ठिसूळ, फळ जड. जमिनीतल्या झाडावर तर तीन-चार किलोचं फळही होतं. ड्रममध्ये ते तेवढं होत नाही, पण फांदी मोडायला एक किलो पुरतो. म्हणून झाडावर मोजकीच फळं ठेवते आणि प्रत्येकाला जुन्या सुती साडीच्या पट्टीची झोळी करून वरच्या दांडीला बांधते. झोळी घट्ट नको. फळ फुगत जातं तशी सैल करावी लागते. शेजारचे काटे कात्रीनं छाटते, नाहीतर वाऱ्यानं फळ हललं की सालीवर ओरखडे उठतात.

इतकी काळजी घेणारी मी एकटी नाही. ज्यू लोकांच्या सुक्कोत या सणाला खजुराची न उमललेली झावळी, दोन झाडांच्या डहाळ्या आणि एक महाळुंग हातात घेऊन प्रार्थना करतात. त्या महाळुंगाला ते एत्रोग म्हणतात. रोमनांविरुद्धच्या बंडात, इसवी सन 69-70च्या सुमाराला, जेरुसलेमला पाडलेल्या नाण्यांवर हे फळ कोरलेलं आहे. सणाला लागणारं फळ निर्मळ हवं, टोकाजवळ डाग नको, आणि झाड कलमी अजिबात नको. दुसऱ्या खुंटावर बांधलेल्या झाडाचं फळ धर्माला चालत नाही. इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियात समुद्राकाठी महाळुंगाच्या बागा आहेत, त्या किनाऱ्याला नावही महाळुंगावरूनच पडलंय, आणि दर उन्हाळ्यात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तिथं येऊन एकेक फळ निरखून निवडून नेतात. फळाला ओरखडा पडू नये म्हणून तिथले शेतकरीही काटे छाटतात. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूनं इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत, जिथं अजून मराठी बोलली जाते, तिथंही सुक्कोतला हे फळ हातात घेतात. इथं देवीच्या हातात, तिथं भक्ताच्या हातात. कुठल्याच धर्मानं त्याचा रस काढण्याचा विचार केला नाही.

कारण रस नाहीच. फळ मधोमध कापलं की पिवळ्या सालीखाली बोट-दीड बोट जाडीचा पांढराशुभ्र गर दिसतो, आणि अगदी आत छोट्या गाभ्यात बारीक फोडी, बिया आणि चमचाभर आंबट रस. लिंबाच्या सवयीनं पाहणाऱ्याला वाटतं फळ वाया गेलं. पण इथं पांढरा भाग हेच फळ. लिंबाची पांढरी साल कडू असते, हा गर तसा नाही. पातळ चकती करून मीठ-तिखट लावून नुसती खाल्ली तर काकडीसारखी कुरकुरीत, किंचित गोडसर लागते आणि गिळल्यावर वास वर येतो.

पिकलेलं पहिलं फळ मी कापत नाही. ते देवघरात ठेवते. चार दिवसांत सगळ्या खोल्यांत कळतं की फळ घरात आहे. मग ते कपाटात, नऊवारींच्या घड्यांत जातं. थिओफ्रॅस्टसनं सांगितलेला उपाय मी खरा मानते. साल हळूहळू सुकते, आक्रसते, गडद होते, वास मात्र जात नाही.

बाकीच्यांचा पाक. मामींची पद्धत अशी: फळाच्या उभ्या फोडी करायच्या, आतला आंबट गाभा आणि बिया काढायच्या, पिवळी साल तशीच ठेवून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी दोन पाण्यांतून काढून, उकळत्या पाण्यात तुकडे पारदर्शक दिसायला लागेपर्यंत शिजवायचे आणि चाळणीत निथळत ठेवायचे. तुकड्यांच्या वजनाएवढी साखर, बुडण्यापुरतं पाणी, एकतारी पाक, त्यात तुकडे. पहिल्या दिवशी एक उकळी देऊन झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाक पातळ झालेला असतो, कारण तुकड्यांनी पाणी सोडलेलं असतं, परत आटवायचा. तिसऱ्या दिवशी परत. घाई केली तर तुकडे चिवट होतात. शेवटी बाजूला काढलेला आंबट रस आणि वेलची. मिठाच्या पाण्यात मुरवून मग साखरेत घालण्याची ही रीत युरोपातही आहे. तिकडं फळं खारवून ठेवतात, मग साखरेच्या पाकात मुरवतात, आणि इटलीत नाताळच्या पानेत्तोने ब्रेडमध्ये ते तुकडे घालतात. आमच्याकडे ते गरम पोळीबरोबर संपतात.

लोणच्याला कच्चं, हिरवटपणा न गेलेलं फळ घ्यावं. बारीक फोडी, मीठ, हळद, आणि कागदी लिंबाचा भरपूर रस, कारण स्वतःचा आंबटपणा पुरत नाही. मेथी, मोहरीची डाळ, हिंग, तिखट. मुरायला लिंबाच्या लोणच्यापेक्षा कमी वेळ लागतो. भाताच्या पेजेबरोबर या लोणच्याची फोड मिळाली तर मला दुसरं काही लागत नाही.

आता झाड चांगलं भरलंय आणि दरवर्षी पावसाळ्यात त्यावर गुट्या बांधते. छाट जगते, पण गुटी जास्त भरवशाची. निरोगी, पेन्सिलीएवढी फांदी निवडायची, पेरभर रुंदीची साल गोल काढायची, आतला हिरवा थर सुरीच्या पाठीनं खरवडून टाकायचा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर त्यावर दाबून बसवायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खालून कापायचं आणि सावलीत पिशवीत लावायचं.

एक रोप काकूंच्या लेकीकडं इचलकरंजीला गेलं, त्याला गेल्या थंडीत फळ आलं. एक पलीकडच्या शाळेच्या आवारात लावलंय. तिथल्या बाई पाचवीच्या मुलांना त्याची पानं चुरगाळून हुंगायला लावतात. देवळाच्या वाटेवर फुलं-हार विकणाऱ्या मावशींनी दोन मागून घेतली, त्यांच्या शेताच्या बांधावर लावायला. फळं लागली की ओटीच्या सामानाशेजारी मांडणार आहेत. या वर्षी मृगाच्या आधी ज्या सांगून ठेवतील त्यांच्यासाठी फांद्या राखून ठेवते. कुंडी नको, निदान अर्धा ड्रम तरी हवा, आणि ऊन सहा तास मिळतं का ते बघून मगच मागा.